ओठात एक, पोटात एक

मराठीत फसवणुकीला शब्द पुष्कळ आहेत. परंतु त्यांतील कोणताही एक दुसऱ्याच्या जागी निमूटपणे बसत नाही. दगा द्यायला माणूस जवळचा लागतो. अनोळखी माणसाने गंडवले तर त्याला दगा म्हणताना जीभ अडखळते. केसाने गळा कापणारा आप्तच असतो. कारस्थान एकट्याने होत नाही. लबाडी लहान मुलाने केली तर तिच्यात कौतुकाची छटा येते, आणि तीच सावकाराने केली तर शिवीची. यांत सर्वांत चमत्कारिक वाट्याला आले आहे ते ‘कावा’ या शब्दाच्या. ‘कावेबाज’ हे विशेषण कोणालाही आवडणार नाही; परंतु त्याच्यामागे ‘गनिमी’ हा शब्द येऊन उभा राहिला की मराठी माणसाची मान ताठ होते. युक्ती तीच, लपणे तेच, दाखवायचे एक आणि करायचे दुसरे हेही तेच. बदलते ते इतकेच, की ती युक्ती कोणाविरुद्ध योजली आहे.

प्राचीन रोमच्या विधिज्ञांपुढे नेमकी हीच अडचण उभी होती. त्यांच्या भाषेत ‘डोलस’ म्हणजे चातुर्य, डाव, हिकमत. तो शब्द एकटा असताना त्याला पाप चिकटत नसे. म्हणून न्यायसभेत जो दोष म्हणून सांगायचा त्याला ‘मालस’, म्हणजे दुष्ट, हे विशेषण जोडावे लागले आणि ‘डोलस मालस’ ही जोडी रूढ झाली. जुने लोक चांगल्या डोलसाविषयीही बोलत असत, विशेषतः तो शत्रूविरुद्ध किंवा दरोडेखोराविरुद्ध योजलेला असला तर, असे पुढच्या काळातल्या अल्पियन या विधिज्ञाने नोंदवून ठेवले आहे. गनिमी कावा ज्याच्या बोलण्यात आहे त्या वाचकाला या भेदाचे निराळे स्पष्टीकरण द्यावे लागत नाही.

या विचाराला चेन्नई शहरात एक स्थान मिळते. जॉर्ज टाऊनमधील तंबू चेट्टी रस्त्यावर काळिकांबाळचे देऊळ आहे. कर्नाटकाच्या स्वारीत, १६७७ साली, शिवछत्रपती येथे देवीच्या दर्शनाला आले होते अशी परंपरा तेथे अभिमानाने सांगितली जाते. त्या स्वारीत जिंजीचा किल्ला मराठ्यांच्या हाती आला, आणि त्याच सुमारास तंजावरला व्यंकोजीराजांनी मराठी राज्याचा पाया घातला होता. देवळातून निघालेला माणूस थोडे चालला की तांबड्या विटांच्या एका विस्तीर्ण इमारतीपाशी येतो. घुमट आणि मनोरे यांची दाटी असलेली ही इमारत मद्रास उच्च न्यायालयाची. न्यायालय स्थापन झाले १८६२ साली, ही वास्तू पुरी झाली १८९२ साली, आणि तिच्या सर्वांत उंच मनोऱ्यावर १८९४ पासून १९७७ पर्यंत गलबतांना वाट दाखवणारा दिवा जळत होता. शहराचे नाव १९९६ साली बदलले. न्यायालयाचे नाव अद्याप मद्रासच राहिले आहे. कावा कोठे संपतो आणि कपट कोठे सुरू होते, हा प्रश्न या दोन वास्तूंमधल्या अंतरात उभा आहे असे म्हणता येईल. देवळात तो पराक्रमाच्या आठवणीत मिसळून जातो. न्यायालयात त्याचे उत्तर साक्षीपुराव्याने द्यावे लागते.

मनातला हेतू साक्षीपुराव्याने कसा सिद्ध करावा? रोमन विधिशास्त्राने याचे जे उत्तर शोधले, त्याची कथा सिसेरोने कर्तव्यांवरील आपल्या ग्रंथात सांगितली आहे. कॅनियस नावाचा एक सुखवस्तू, रसिक रोमन गृहस्थ सिराक्यूज येथे विश्रांतीसाठी गेला होता. एखादी बाग विकत घ्यावी, मित्रांना बोलवावे, निवांत राहावे, असे तो बोलून दाखवू लागला. पिथियस नावाच्या तेथील सराफाच्या कानी ही गोष्ट गेली. माझी बाग विकायची नाही, पण ती आपलीच समजा, असे म्हणून त्याने कॅनियसला दुसऱ्या दिवशी जेवायला बोलावले. आणि कोळ्यांना गाठून उद्या आपल्या बागेसमोरच मासे धरायला सांगितले. कॅनियस आला तेव्हा समोर होड्यांची गर्दी होती. एकेक कोळी आपली मासळी आणून पिथियसच्या पायाशी टाकीत होता. ‘हे काय?’ म्हणून पाहुण्याने विचारले, तेव्हा यजमानाने सांगितले की साऱ्या गावाची मासळी येथेच मिळते, या जागेवाचून लोकांचे चालत नाही. पाहुणा पेटला. आढेवेढे घेत यजमानाने मागेल त्या किमतीला बाग विकली. दुसऱ्या दिवशी नवा मालक मित्रांना घेऊन येतो तो पाण्यावर एक वल्हेसुद्धा नाही. आज कोळ्यांचा सण आहे काय, असे त्याने शेजाऱ्याला विचारले. शेजारी म्हणाला, सण वगैरे काही नाही. येथे कोणी मासे धरीतच नाही, म्हणून काल हे काय चालले आहे याचे मलाच नवल वाटत होते.

कॅनियस संतापला, परंतु त्या काळी त्याला दाद मागायला जागा नव्हती. सौदा त्याने स्वतःच्या राजीखुशीने केला होता, आणि कराराच्या शब्दांत खोटे काही नव्हते. पुढे सिसेरोचा मित्र अक्विलियस गॅलस याने कपटाबद्दल दाद मागण्याचे विधिसूत्र तयार केले. इसवी सनापूर्वी ६६ मध्ये हे दोघे एकाच वर्षी प्रेटर, म्हणजे न्यायाधिकारी, होते. डोलस मालस म्हणजे काय, असे विचारले असता गॅलस उत्तर देई की जेथे दाखवले एक जाते आणि केले दुसरे जाते, तेथे तो असतो.

ही व्याख्या मराठी माणसाला नवी वाटत नाही. ओठात एक आणि पोटात एक, असे आपल्याकडच्या आजीबाई पिढ्यान्पिढ्या म्हणत आल्या आहेत. तरीही व्याख्येत आणि म्हणीत एक सूक्ष्म अंतर आहे. म्हण पोटात डोकावू पाहते. गॅलसने पोटाचा नाद सोडून दिला. दाखवणे आणि करणे ही दोन्ही बाहेरची कामे होत. होड्या कोणी बोलावल्या, केव्हा बोलावल्या, दुसऱ्या दिवशी त्या का आल्या नाहीत, हे शेजाऱ्याला विचारता येते. मन दिसत नाही. पण देखावा आणि कृती यांमधली फट दिसते, आणि कायद्याने त्या फटीवर बोट ठेवायचे असते. पुढे लाबेओ या विधिज्ञाने व्याख्येत दुरुस्ती केली. खोटा देखावा न करताही फसवता येते, आणि आपले रक्षण करण्यासाठी देखावा करणारा दुष्ट असतोच असे नाही, हे त्याने दाखवून दिले. आणि दुसऱ्याला गुंडाळण्यासाठी, भुलवण्यासाठी, ठकवण्यासाठी योजलेली प्रत्येक धूर्त युक्ती त्याने डोलसाच्या कक्षेत आणली. हत्यार धारदार होते, म्हणून ते जपून वापरण्याची व्यवस्थाही केली गेली. दुसरा कोणताही दावा लागू पडत नसेल तरच कपटाचा दावा लावता येई. तो मुळात एका वर्षाच्या आत लावावा लागे. आणि ज्याच्याविरुद्ध तो सिद्ध होई त्याच्या नावाला कायमचा कलंक लागे. एखाद्याला कपटी ठरवणे ही लहान गोष्ट नाही, हे रोमन लोक जाणून होते.

हिंदुस्थानात आलेला इंग्रजी कायदा या परंपरेचा दूरचा नातलग. मेकॉलेच्या आयोगाने १८३७ साली ज्याचा मसुदा सादर केला आणि १८६० साली जो संमत झाला, त्या दंडसंहितेने ‘अप्रामाणिकपणे’ आणि ‘कपटीपणाने’ असे दोन शब्द वेगळे ठेवले. पहिल्याची व्याख्या सरळ होती : कोणाचा तरी गैरलाभ किंवा गैरहानी करण्याचा उद्देश. दुसऱ्याची व्याख्या मात्र स्वतःभोवतीच फिरत होती. कपट करण्याच्या उद्देशाने केलेले ते कपटीपणाने केलेले, यापलीकडे ती फारशी जात नव्हती. ही संहिता २०२४ सालच्या १ जुलैपासून मागे पडली. परंतु तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेने हे दोन्ही शब्द पुढे चालवले आहेत. रिकामी राहिलेली जागा भरण्याचे काम न्यायालयांकडे आले, आणि त्यातला एक महत्त्वाचा निर्णय मद्रासच्या या तांबड्या इमारतीत झाला.

प्रकरण वरवर पाहता किरकोळ होते. मद्रास विद्यापीठाच्या मॅट्रिक्युलेशन परीक्षेला खाजगी रीतीने बसू इच्छिणाऱ्या एका तरुणाने मुख्याध्यापकाच्या सहीचे प्रमाणपत्र सादर केले. अर्जदाराची वर्तणूक चांगली आहे आणि त्याला विसावे वर्ष पुरे झाले आहे, असे त्यात लिहिले होते. सही मुख्याध्यापकाची नव्हती. ती तरुणाने स्वतः केली होती. यात पैसा कोणाचा बुडाला? कोणाचाच नाही. परीक्षेचा अभ्यास त्याला स्वतःलाच करायचा होता. तरीही १९०५ सालच्या निर्णयसंग्रहात छापलेल्या या खटल्यात पूर्णपीठाने त्याला दोषी ठरवले. न्यायमूर्ती बेन्सन यांनी दिलेले कारण आजही वाचण्याजोगे आहे. त्यांच्या मते अपाय झाला तो विद्यापीठाला, आणि विद्यापीठाच्या द्वारे समाजाला. ज्यांनी अटी पुऱ्या केल्या नाहीत त्यांनाही विद्यापीठ पात्र म्हणून जाहीर करू लागले, तर त्याच्या शब्दावर लोकांनी विश्वास का ठेवावा? म्हणजे कपटाने होणारी हानी पैशात मोजलीच पाहिजे असे नाही. ज्या विश्वासावर एखादी संस्था उभी असते तो विश्वास झिजणे हीसुद्धा हानीच होय.

या निर्णयानंतर लवकरच तीच गोष्ट शहराने फार मोठ्या प्रमाणावर अनुभवली. अर्बथनॉट आणि कंपनी ही मद्रासमधील अत्यंत प्रतिष्ठित पेढी. नोकरदार, निवृत्त अधिकारी, विधवा, देवस्थाने, सगळ्यांची पुंजी अशा पेढीत असे, कारण तिच्या नावातच विश्वास होता. २२ ऑक्टोबर १९०६ रोजी या पेढीने देणी देण्यास असमर्थता जाहीर केली. दरवाजा उघडा होता, पाटी झळकत होती, ठेवी स्वीकारल्या जात होत्या. आणि आतला पैसा तोवर सट्ट्यात आणि दूरदूरच्या उद्योगांत नाहीसा झाला होता. पिथियसच्या होड्यांचीच ही मोठी आवृत्ती. पेढीचे प्रमुख सर जॉर्ज अर्बथनॉट यांच्यावर फसवणुकीबद्दल खटला चालला आणि त्यांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. साहेबी राज्यात साहेबाला, त्यातही ‘सर’ या किताबाच्या माणसाला, अशी शिक्षा होणे ही त्या काळी लहान घटना नव्हती. ठेवीदारांच्या वतीने झुंजलेले वकील व्ही. कृष्णस्वामी अय्यर यांच्या पुढाकाराने १५ ऑगस्ट १९०७ रोजी इंडियन बँक सुरू झाली. बुडालेला पैसा सगळा परत आला नाही. परंतु विश्वास ठेवायला दुसरी जागा निर्माण करता येते, हे त्या शहराने दाखवले.

कायद्याचा हात जितका कठोर तितकाच तो विवेकीही असू शकतो, याचे उदाहरण पुढे दिल्लीच्या एका खटल्यात मिळाले. एका स्त्रीने आपल्या तान्ह्या मुलीच्या नावाने मोटार विकत घेतली. विम्याच्या कागदांवर आणि नंतर दुरुस्तीच्या भरपाईच्या अर्जांवर तिने मुलीचेच नाव सही म्हणून लिहिले. दाखवणे एक आणि करणे दुसरे, ही अट येथे अक्षरशः पुरी झाली होती. उच्च न्यायालयाने तिला बनावटीकरणाबद्दल दोषीही ठरवले होते. सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली तिला निर्दोष सोडले. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती के. सुब्बाराव हे मूळचे मद्रासच्याच न्यायालयात घडलेले. त्यांनी मद्रासच्या त्या जुन्या निर्णयाचाही परामर्श घेतला आणि सांगितले की कपटाला दोन अंगे लागतात, फसवणूक आणि अपाय. मुलीच्या नावामागे आई होती हे कळले असते तरी विमा कंपनीने तेच पैसे दिले असते. तिचे काही गेले नाही आणि आईला अधिक काही मिळाले नाही. केवळ मुखवटा घातला म्हणून माणूस दुष्ट ठरत नाही. ‘मालस’ हे विशेषण वेगळे सिद्ध करावे लागते.

येथपर्यंतची कहाणी समाधान देणारी आहे. विद्यार्थी, सराफ, आई : तिघांच्याही मनाचा ठाव कायद्याने बाहेरच्या खुणांवरून घेतला आणि तिघांना तीन तऱ्हेने तोलले. परंतु याच शहरात याआधी एक खटला झाला होता, आणि मराठी माणसाने तो विसरू नये असा आहे. त्यात कायद्याने ठाव घेण्याचेच नाकारले.

तंजावरचे मराठी राजघराणे हे दक्षिणेतील मराठीचे मोठे आश्रयस्थान होते. सरफोजीराजांनी समृद्ध केलेला सरस्वती महाल ग्रंथसंग्रह त्याची साक्ष देतो. सरफोजीराजांनी १७९९ च्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे सोपवला होता. त्यांचे पुत्र शिवाजीराजे १८५५ च्या ऑक्टोबरमध्ये पुत्र नसताना वारले. कंपनीने राज्यपद संपले असे जाहीर केले, आणि पुढच्या वर्षी तिच्या अधिकाऱ्याने लष्कराच्या बळावर राजवाडा ताब्यात घेऊन दारांना मोहोरा लावल्या. राज्याबरोबर राजाची खाजगी चीजवस्तू, जडजवाहीर, जमीनजुमला हेही गेले. थोरल्या राणी कामाक्षीबाईसाहेब यांनी मद्रासच्या सुप्रीम कोर्टात दाद मागितली. उच्च न्यायालयाच्या आधीचे, १८०१ साली स्थापन झालेले हे न्यायालय. राज्य गेले ते गेले. परंतु पतीची खाजगी मालमत्ता हिंदू धर्मशास्त्राप्रमाणे विधवेकडे यावी, असे त्यांचे म्हणणे होते. मद्रासच्या न्यायाधीशांनी ते मान्य केले.

कंपनीने लंडनला प्रिव्ही कौन्सिलकडे अपील केले. निकाल १८५९ च्या जुलैमध्ये लागला. तो लॉर्ड किंग्जडाउन यांनी दिला. प्रश्न असा मांडला गेला : कंपनीने ही मालमत्ता घेतली ती कायद्याचा हक्क सांगून, बेवारशी संपत्ती सरकारजमा होते अशा काही नियमाच्या आधाराने, की सार्वभौम सत्ता म्हणून, आपल्या बळावर? पहिले असेल तर न्यायालयाला तपासता येईल. दुसरे असेल तर तपासता येणार नाही. न्यायाधीशांनी कागदपत्र वाचले. त्या राज्यावर कंपनीचा कायदेशीर हक्क दाखवणारा आधार त्यांत सापडणे अतिशय कठीण आहे, हे त्यांनी स्वतःच कबूल केले. आणि या कबुलीवरून त्यांनी काढलेला निष्कर्ष राणीच्या बाजूचा नव्हता. हक्काचा आधार दिसत नाही, त्याअर्थी हे कृत्य राजसत्तेचे आहे. आणि राजसत्तेचे आहे, त्याअर्थी ते न्याय्य की अन्याय्य हे ठरवणे कोणत्याही दिवाणी न्यायालयाच्या हाती नाही. मद्रासचा निर्णय रद्द झाला.

गॅलसची व्याख्या येथे लावून पाहिली म्हणजे मनाला धक्का बसतो. कंपनीने कायद्याचे सोंग घेतले असते, खोटे वारसपत्र पुढे केले असते, तर ती पकडली गेली असती. सोंग आणि कृती यांत फट पडली असती आणि न्यायालयाने तीत बोट घातले असते. परंतु तिने सोंगच घेतले नाही, असे ठरले. जे दाखवले तेच केले : बळ दाखवले आणि बळ वापरले. ओठात आणि पोटात एकच होते. म्हणून कपटाचा कायदा तिला शिवू शकला नाही. परीक्षार्थ्याने केलेली चार अक्षरांची सही न्यायालयाच्या टप्प्यात येते आणि वाड्याच्या दारांना ठोकलेल्या मोहोरा येत नाहीत. कायदा मुखवट्याला पकडतो. उघड्या तोंडाने आलेल्या सत्तेपुढे तो आपले अधिकारक्षेत्र आठवतो.

हा दोष केवळ इंग्रजांच्या न्यायाचा मानून चालणार नाही. रोमन कायद्यातही ही फट होती. कपटाचा दावा कलंक लावणारा, म्हणून तो मुलाला आईबापांविरुद्ध किंवा मुक्त केलेल्या दासाला त्याच्या पूर्वीच्या धन्याविरुद्ध मिळत नसे. सामान्य माणसालाही उच्चपदस्थाविरुद्ध, कॉन्सलपद भूषवलेल्या मान्यवराविरुद्ध, तो देऊ नये असे लाबेओचे मत होते. अशा वेळी काय करायचे? ‘कपट’ हा शब्द वगळायचा, झालेल्या गोष्टी तेवढ्या सांगायच्या आणि दाव्याची भाषा मवाळ करून सद्भावाचा उल्लेख करायचा. दाद अगदीच नाकारली जात नव्हती, हे खरे; पण थोरांच्या बाबतीत त्या दुष्टतेचे नाव उच्चारायला बंदी होती. ज्या शास्त्राने कपटाला इतके नेमके नाव दिले, त्यानेच ते नाव कोणापुढे उच्चारू नये याचीही यादी करून ठेवली.

तंजावरच्या राण्यांनाही पुढे जे मिळाले ते अशाच मवाळ भाषेत. १८६२ साली सरकारने मालमत्तेचा काही भाग त्यांना परत दिला. परंतु तो हक्क म्हणून नव्हे, सरकारची मर्जी म्हणून. त्या मर्जीचे वाटे कसे करायचे यावरून राण्यांमध्येच दावे लागले आणि ते मद्रासच्या नव्या उच्च न्यायालयात चालले. १८६८ च्या एका निर्णयात हा घरगुती कलह नीट, शांतपणे, धर्मशास्त्राचे आधार देत सोडवलेला आढळतो. मुळात ही मालमत्ता कोणी आणि कोणत्या अधिकाराने घेतली होती, हा प्रश्न त्यात विचारण्याचे कारणच उरले नव्हते.

न्यायालयाने न विचारलेले प्रश्न मग कोठे जातात? चेन्नईत तरी त्यांना एक जागा आहे. उच्च न्यायालयापासून समुद्राच्या कडेने दक्षिणेला गेले की मरीनाच्या रस्त्यावर कण्णगीचा पुतळा लागतो. १९६८ च्या जागतिक तमिळ परिषदेच्या वेळी तो उभारला गेला. २००१ च्या अखेरीस तो हलवण्यात आला आणि २००६ साली पुन्हा आपल्या जागी आला. एका हातात तोरडी, दुसरा हात पुढे रोखलेला. इळंगो अडिगळच्या ‘शिलप्पदिकारम्’ काव्याची ही नायिका.

त्या काव्यातही एक सोनार आहे, आणि तो पिथियसचा सख्खा भाऊ शोभेल. राणीची तोरडी त्यानेच लाटलेली असते. कोवलन आपल्या पत्नीची तोरडी विकायला येतो तेव्हा सोनार त्याला सन्मानाने बसवून घेतो आणि राजाकडे जाऊन चोर सापडल्याचे सांगतो. ओठात एक, पोटात एक. डोलस मालसाचे याहून चोख उदाहरण मिळणार नाही. पण काव्याचा रोख सोनारावर नाही. विचारपूस न करता कोवलनाला मारण्याची आज्ञा देणाऱ्या पांड्य राजाच्या मनात कपटाचा लवलेश नव्हता. त्याने फक्त चौकशी केली नाही. रोमन विधिज्ञांनी एक तत्त्व सांगितले आहे, की अतिशय ढोबळ हयगय ही कपटाच्या तोडीची समजावी. कण्णगी राजसभेच्या दारात उभी राहते ती हेच तत्त्व घेऊन. ती आपली ओळख करून देते तेव्हा आपल्या चोळ देशातील त्या राजाची आठवण देते, ज्याने रथाखाली वासरू सापडले म्हणून गाईच्या आक्रोशाला मान देऊन स्वतःच्या मुलाला रथाखाली घातले. मनुनीती चोळ म्हणून प्रसिद्ध असलेल्या या राजाचा पुतळा मद्रास उच्च न्यायालयाच्या आवारात आहे. त्या राजपुत्राच्या मनात दुष्ट हेतू मुळीच नव्हता. आजचे कोणतेही न्यायालय त्याला देहदंड देणार नाही, आणि देऊही नये. परंतु कण्णगीच्या बोलण्यातला मुद्दा दंडाचा नसून दाराचा आहे : त्या राजाच्या दारी एक गायसुद्धा प्रश्न विचारू शकत होती.

पांड्य राजा कण्णगीला थांबवत नाही. हे राजसत्तेचे कृत्य आहे, यात विचारणा चालत नाही, असे तो म्हणत नाही. तो तोरडी मागवतो. ती फोडली जाते. राणीच्या तोरडीत मोती होते आणि या तोरडीतून माणके उडतात. फट सर्वांना दिसते. आणि राजा, ज्याने कपट केले नव्हते, स्वतःलाच दोषी ठरवून सिंहासनावरून कोसळतो. कवीला माहीत होते की खऱ्या राजसभांत असे क्वचित घडते. म्हणूनच ते त्याने काव्यात घडवून ठेवले असावे. पुढे मदुरा जळते ती गोष्ट वेगळी. सभेतला तो क्षण मात्र कायद्याच्या इतिहासाशेजारी ठेवून वाचण्याजोगा आहे. राजाचा हेतू शुद्ध होता की नाही, हे काव्य विचारत नाही. सत्तेने आपल्या कृत्याची तोरडी सर्वांसमक्ष फोडू दिली की नाही, एवढेच ते विचारते.

कायद्याला हे सगळे जमणार नाही, आणि त्याने ते करू पाहू नये, हेही मान्य केले पाहिजे. प्रत्येक हयगय कपट ठरली तर कोणी निवाडा करायला धजणार नाही, आणि हेतूचा विचारच सोडला तर राजपुत्र रथाखाली जाईल. गॅलसची फूटपट्टी लहान होती, म्हणूनच ती दोन हजार वर्षे टिकली. तिने लहान माणसाला मोठ्या फसवणुकीपासून वाचवले आणि निरपराध आईला शिक्षेपासून वाचवले. तिने जे मोजले ते बरोबर मोजले. फक्त तिने जे मोजले नाही ते अस्तित्वातच नाही, असे मानण्याची चूक होता कामा नये. आपल्या देशातील साहित्यांचा अभ्यास करणाऱ्याला ही उरलेली बाजू सांभाळावी लागते.

मरीनावर संध्याकाळी गर्दी असते. मुले पुतळ्यापाशी खेळतात, मच्छीमारांची होडकी वाळूवर ओढलेली असतात. कण्णगीचे नाव तेथे सर्वांना ठाऊक आहे. कामाक्षीबाईसाहेबांचा पुतळा कोठे नाही. त्यांचे नाव उरले आहे ते कायद्याच्या पुस्तकांत, कारण राजसत्तेच्या कृत्याला दिवाणी न्यायालयात आव्हान देता येत नाही या सिद्धान्तासाठी त्यांच्या खटल्याचा दाखला आजही दिला जातो. तेथेही ते नाव धड नाही. इंग्रजी निर्णयसंग्रहात ते ‘कामाची बोये साहबा’ असे छापले गेले, आणि कायद्याचे विद्यार्थी ते तसेच पाठ करतात. तंजावरच्या एका मराठी घरातील थोरल्या सुनेचे हे नाव आहे, तिने राज्य मागितले नव्हते, पतीची खाजगी चीजवस्तू तेवढी मागितली होती, आणि मद्रासच्या न्यायाधीशांनी एकदा तिला होय म्हटले होते, हे निदान मराठीत तरी शुद्ध लिहिले जावे : कामाक्षीबाईसाहेब.